५० ते ७५ हजारांचा लॅपटॉप: घेण्याआधी आणि घेतल्यावर पहिल्या सात दिवसांत काय तपासायचं

वीस-पंचवीस हजारांचा लॅपटॉप घेतला तर तडजोड कुठे झाली आहे ते उघड दिसतं. लाखाच्या वर गेलं की फारशी तडजोड करावी लागत नाही. गोंधळ होतो तो मधल्या पट्ट्यात. इथे कंपनी एका हाताने चांगला प्रोसेसर देते आणि दुसऱ्या हाताने काहीतरी गुपचूप काढून घेते: कधी स्क्रीनचा उजेड, कधी बॅटरी, कधी रॅम वाढवायची सोय. जे दिलं ते खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं. जे काढून घेतलं ते शोधायचं काम आपलं, आणि हा सगळा लेख त्या शोधाबद्दल आहे.

हा लेख रोजचं काम आणि अधूनमधून प्रवास करणाऱ्यांसाठी आहे. रोजचं काम म्हणजे वर्ड-एक्सेल, ब्राउझरमध्ये उघडे पडलेले वीस-पंचवीस टॅब, झूम किंवा टीम्सवरच्या मीटिंगा, थोडी फोटोंची आवराआवर. प्रवास म्हणजे आठवड्यातून एखादी पुणे-मुंबई फेरी, महिन्यातून कधीतरी नागपूर किंवा बंगळूर. गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन करणाऱ्यांचा हिशोब निराळा; त्यांनी या लेखातली बॅटरीची आणि वॉरंटीची बाब वाचावी, बाकी सोडून दिलं तरी चालेल.

आधी कागदावर: पूर्ण मॉडेल क्रमांक मिळवा

'आयडियापॅड स्लिम ५', 'व्हिवोबुक १५', 'पॅव्हिलियन १४' ही नुसती आडनावं झाली. एकाच नावाखाली दोन-तीन प्रकारच्या स्क्रीन आणि दोन आकारांच्या बॅटऱ्या विकल्या जातात. नेमका तुकडा कोणता हे कळतं ते नावापुढच्या लांबलचक अक्षर-आकड्यांच्या क्रमांकावरून. दुकानदाराकडून तो क्रमांक मागून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. लेनोव्होचं 'पीएसआरईएफ' नावाचं स्वतंत्र संकेतस्थळ त्यासाठीच आहे. बाकीच्यांकडे सपोर्टच्या पानावर तपशील सापडतो. ऑनलाइन दुकानातला तक्ता बऱ्याचदा विक्रेत्याने भरलेला असतो आणि त्यात चुका असतात, तेव्हा शेवटचा शब्द त्याचा मानू नका.

पाच गोष्टी वहीत उतरवा. स्क्रीनचा उजेड किती निट्स (उजेडाचं माप) आणि ती किती टक्के रंग दाखवते. बॅटरी किती वॉट-तासांची (तिच्यात मावणाऱ्या विजेचं माप). रॅम बोर्डावर डकवलेली की स्लॉटमध्ये बसवलेली. चार्जिंग टाइप-सी पोर्टमधून होतं का. आणि चार्जर धरून वजन किती. या पाचांपैकी एखादी गोष्ट कंपनीने कुठेच सांगितली नसेल तर ती बहुधा सांगण्यासारखी नाही, असं धरून चाला.

प्रोसेसर या यादीत नाही हे लक्षात आलं असेल. गेल्या तीन वर्षांत आलेला कुठलाही मधल्या फळीतला प्रोसेसर वर सांगितलेलं काम आरामात करतो. 'आय ५' ऐवजी 'आय ७' घ्यायला जे आठ-दहा हजार जास्त जातात ते स्क्रीनवर घाला, रोज डोळ्यांना दिसतील. फक्त जुना माल नव्या नावाने गळ्यात पडू नये एवढी काळजी घ्यायची.

प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आहे, खरी पिढी तिसरा आकडा सांगतो. 'रायझेन ५ ७५२०यू'मध्ये तिसरा आकडा २ आहे. म्हणजे आतली रचना झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनांचं नाव), जी २०१९ मध्ये बाजारात आली. त्यात कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भागही चारच. '७५३०यू' झेन ३ वर चालतो आणि त्याला सहा कोअर आहेत. नावात दहाचा फरक, कामात भरपूर. '७६४०'सारख्या क्रमांकात तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४. इंटेलने २०२३ च्या अखेरीस 'कोअर अल्ट्रा' आणला आणि त्याच वेळी नावातला 'आय' काढून टाकला. पण 'कोअर ५ १२०यू' आणि 'कोअर अल्ट्रा ५ १२५एच' हे भाऊ नाहीत: पहिल्याची रचना आधीच्या पिढीची आहे, दुसऱ्याची नवी. शेवटचं अक्षर 'यू' असेल तर वीज कमी खाणारा, 'एच' असेल तर जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. प्रवास जास्त असेल तर 'यू'कडे झुका.

मायक्रोसॉफ्टचं 'कोपायलट प्लस' हे लेबल मिळवायला सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू (प्रोसेसरमधला एआयच्या कामाचा भाग), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. मधल्या किमतीत ते लेबल आपसूक येत असेल तर येऊ द्या. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याइतकं रोजच्या कामात त्याचं काही अडत नाही, निदान माझ्या मते तरी.

रॅम १६ जीबीच घ्या. ८ जीबीवर विंडोज ११ चालतं, पण ब्राउझर आणि मीटिंग एकत्र सुरू झाली की धाप लागते. '८ जीबी, पुढे वाढवता येईल' असं सांगितलं तर स्लॉट खरोखर आहे का ते वरच्या कागदात पाहा, कारण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि ती जन्मभर तेवढीच राहते. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत, त्यामुळे 'आत्ता कमी घेऊ, नंतर टाकू' हा जुना सल्ला पूर्वीसारखा स्वस्तात पडत नाही. एकच १६ जीबीची पट्टी असण्यापेक्षा ८ अधिक ८ अशी जोडी असेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चांगलं चालतं.

दुकानात: स्क्रीन आणि किबोर्ड, बाकी काही नाही

ऑनलाइन घेणार असलात तरी एकदा मोठ्या दुकानात जाऊन तेच मॉडेल, नाहीतर त्याच्या जवळचं, हाताळून या. विक्रेता प्रोसेसरबद्दल बोलत राहील. बोलू द्या. आपण स्क्रीनकडे बघायचं.

या किमतीतली सगळ्यात मोठी काटछाट स्क्रीनमध्ये होते. २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं पॅनेल सर्रास मिळतं. काही कंपन्या तेच ६२.५ टक्के एसआरजीबी असं लिहितात; दोन्ही स्क्रीन किती रंग दाखवते याची मापं. घरात ट्यूबलाइटखाली ते खपून जातं. खिडकीशेजारच्या सीटवर बसलात की अक्षरांऐवजी स्वतःचा चेहरा दिसायला लागतो. प्रवास करणाऱ्याने ३०० निट्सच्या खाली जाऊ नये, आणि ४०० मिळत असेल तर बाकी कशात तरी माघार घ्यावी. रंगांसाठी १०० टक्के एसआरजीबी, किंवा त्याच्या आसपास जाणारा ७२ टक्के एनटीएससी हा आकडा शोधा.

परीक्षा सोपी आहे. ब्राइटनेस पूर्ण वाढवा, लॅपटॉप दुकानाच्या दाराकडे वळवायला सांगा आणि पांढरं पान उघडा. मग फोनवर आणि लॅपटॉपवर झेंडूच्या फुलांचा एकच फोटो शेजारी शेजारी लावून बघा. स्वस्त पॅनेलवर केशरी रंग विटकरी दिसतो. फरक कळायला तज्ज्ञ लागत नाही. कपड्यांचा किंवा दागिन्यांचा ऑनलाइन धंदा असणाऱ्यांनी तर ही परीक्षा चुकवूच नये. ग्राहकाला साडी वेगळ्याच रंगाची मिळाली की परत येणाऱ्या पार्सलचा खर्च तुमच्या डोक्यावर.

आकाराबाबत माझा कल स्पष्ट आहे: प्रवास असेल तर १४ इंच आणि १६:१० प्रमाणाची स्क्रीन. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० मिळालं की उभ्या दिशेने ठिपक्यांच्या १२० ओळी जास्त मिळतात, म्हणजे एक्सेलमध्ये चार-पाच रांगा जास्त. काने-मात्रे-वेलांट्यांमुळे मराठी मजकुराला ओळीत उंची जास्त लागते, तिथे ही जागा लगेच जाणवते.

ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा स्क्रीनचा प्रकार, आता या पट्ट्यातही मिळू लागला आहे. काळा रंग खरा काळा, फोटो सुंदर. पण काच चकचकीत असल्यामुळे प्रतिबिंब पडतं, आणि कमी ब्राइटनेसवर काही पॅनेल वेगाने उघडझाप करून उजेड कमी करतात. काहींना त्याने डोकं दुखतं. ब्राइटनेस २५ टक्क्यांवर आणून फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून पांढरी स्क्रीन बघा. पट्टे सरकताना दिसले आणि तुम्हाला मायग्रेनचा त्रास असेल, तर साधी आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) स्क्रीन बरी.

आता किबोर्ड. उभ्या उभ्या चार शब्द टाइप करून काही कळत नाही, त्यामुळे स्टूल मागा आणि एक पूर्ण परिच्छेद टाइप करा. बघायचं काय? बाणांच्या किल्ल्या अर्ध्या उंचीच्या आहेत का. पॉवरचं बटण डिलीटला चिकटून बसवलंय का. होम, एंड, पेज अप, पेज डाउन स्वतंत्र आहेत की 'एफएन' दाबून मिळतात. हिशोबाचं काम असेल तर उजवीकडचा आकड्यांचा गट उपयोगी, पण १५.६ इंची मशिनमध्ये त्याच्यामुळे टचपॅड डावीकडे सरकतो आणि मांडीवर घेऊन टाइप करताना मान किंचित वाकडी राहते. रात्रीच्या प्रवासात बॅकलाइट हवाच. एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकारात तो काढून टाकलेला असू शकतो.

मराठी टाइप करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. इनस्क्रिप्ट या किबोर्डच्या मांडणीत उजव्या ऑल्टचा उपयोग होतो आणि ₹ चिन्हही उजवा ऑल्ट व ४ दाबून येतं. काही नव्या किबोर्डांवर स्पेसबारच्या उजव्या बाजूला कोपायलटची किल्ली आली आहे आणि तिच्यासाठी उजवा कंट्रोल गेला आहे. शेजारची गर्दी बदलल्यामुळे अंगठा चुकतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना हा त्रास कमी. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक किबोर्ड आतच दिलेला आहे, वेगळं सॉफ्टवेअर शोधत बसायला नको.

बिजागरी एकदा उघडझाप करून पाहा. झाकण उघडताना खालचा भाग उचलला जातो का, आणि टाइप करताना स्क्रीन डुलते का? टेबलावर किंचित डुलणारी स्क्रीन घाटात शिवनेरीच्या ट्रेवर लंबक होते.

खोकं घरी आल्यावर पहिला तास

बहुतेक ऑनलाइन दुकानं सात दिवसांत बदलून देतात, पैसे परत देतातच असं नाही, आणि लॅपटॉपच्या बाबतीत आधी कंपनीचा तंत्रज्ञ येऊन दोष मान्य करतो. दुकानातून घेतला तर 'डेड ऑन अरायव्हल'चं (म्हणजे आल्यापासूनच बिघडलेला असल्याचं) प्रमाणपत्र कंपनीच्या सेवा केंद्राकडून आणायला सांगतात. म्हणजे सात दिवसांपैकी दोन तर या धावपळीत जातात. तपासणी पाचव्या दिवसापर्यंत उरकायची, हे धरूनच वेळापत्रक आखा.

खोकं उघडताना एका सलग व्हिडिओत सील, अनुक्रमांक आणि आतला माल टिपून ठेवा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पोटावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच असला पाहिजे. चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. बिलावर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला पाहिजे. व्यवसायासाठी घेत असाल तर तुमचा जीएसटी क्रमांक बिलावर आत्ताच घालून घ्या, नंतर दुरुस्त करून मिळणं जिकिरीचं होतं.

सुरू केल्यावर लगेच ऑफिसचं खातं आणि सगळ्या फायली टाकू नका. मशीन परत जाऊ शकतं. आधी बॅटरीचा जन्मदाखला काढा. स्टार्ट मेनूमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून उघडा. पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही इंग्रजी अक्षरं सलग टाइप करा, मग एक जागा सोडा, मग प्रश्नचिन्हाच्या किल्लीवरची तिरकी रेघ, आणि तिला लागून बॅटरी आणि रिपोर्ट हे दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता. एंटर दाबलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे आहे ते तिथेच दिसतं. तिच्यात मूळ क्षमता, सध्याची पूर्ण क्षमता आणि चार्ज-चक्रांची संख्या असते. नव्या मशिनमध्ये दोन्ही क्षमता जवळपास सारख्या हव्यात आणि चक्रं फार तर पाच-सात. पंचवीस-तीस दिसली तर ते दुकानात मांडलेलं, नाहीतर कोणीतरी परत केलेलं यंत्र आहे. तिथेच तक्रार टाका. वॉट-तासांचा आकडा कागदावरच्याशी जुळतो का, तेही इथेच कळतं.

मग टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्सच्या पानावर रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत ते बघा. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ च्या आसपास दिसते. ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी चित्रं स्क्रीनभर लावून मेलेला ठिपका शोधा. अंधाऱ्या खोलीत काळ्या चित्रावर कडांमधून प्रकाश गळताना दिसतो. थोडा सगळ्यांत असतो, ढगासारखे डाग असतील तर बदलून मागा.

खातं जोडलंत की विंडोज ११ अनेकदा न विचारता पूर्ण डिस्क कुलूपबंद करतं. तिची रिकव्हरी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवली जाते. ती ४८ आकडी किल्ली आत्ताच कागदावर उतरवून कपाटात ठेवा. सेवा केंद्राने उद्या मदरबोर्ड बदलला तर तिच्याशिवाय तुमच्याच फायली तुम्हाला मिळणार नाहीत.

बॅटरी: कंपनीचा आकडा विसरा, स्वतःचा काढा

'१२ तास चालते' हे कंपनी बहुधा मंद उजेडात एकच व्हिडिओ लावून मोजते. आपण आपल्या कामावर मोजायचं. सकाळी १०० टक्के चार्ज करा, ब्राइटनेस तुम्हाला सोसेल तिथे ठेवा, वायफाय सुरू, आणि नेहमीसारखं काम करा. तासाभराची एक व्हिडिओ मीटिंगही होऊ द्या, कारण बॅटरी खरी तीच खाते. २० टक्क्यांवर आल्यावर किती तास झाले ते लिहा.

समजा बॅटरी ५० वॉट-तासांची आहे आणि १०० वरून २० वर यायला पाच तास लागले. म्हणजे ४० वॉट-तास पाच तासांत गेले. तासाला ८ वॉट. पूर्ण बॅटरीवर सव्वासहा तास. दोन वर्षांनी बॅटरी वीसेक टक्क्यांनी थकली तर उरतात पाच. हा पाच तासांचा आकडा तुमच्या प्रवासाला पुरतो का, हा खरा प्रश्न. नव्या बॅटरीचा पहिल्या आठवड्यातला आकडा बघून खूश होऊ नका. ४०-४२ वॉट-तासांची बॅटरी या किमतीत अजूनही दिली जाते आणि प्रवाशासाठी ती तोकडीच आहे. ६० किंवा त्याहून वर असेल तर शंभर-दीडशे ग्रॅम वजन सहज सोसावं.

साधं लिहिताना-वाचताना तासाला १२-१५ वॉट जात असतील तर आधी विंडोजच्या अपडेट संपल्या आहेत का बघा. पहिले दोन दिवस मशीन आतल्या आत फायलींची सूची बनवत असतं आणि बॅटरी उगाच जास्त जाते. म्हणून ही परीक्षा तिसऱ्या दिवशी करा.

दुसरी परीक्षा रात्रीची. झोपताना बॅटरी किती आहे ते बघून झाकण लावा, चार्जर काढा. सकाळी चार-पाच टक्के कमी झाली असेल तर ठीक. पंधरा-वीस टक्के गेली असेल तर झाकण लावल्यावरही मशीन नीट झोपत नाही. आजकालचे लॅपटॉप फोनसारखे अर्धवट जागे राहतात, आणि बॅगेत ठेवल्यावर कधीकधी पूर्ण जागे होऊन तापतात. बॅगेतून भाजका लॅपटॉप निघतो तो त्यामुळे. उपाय आहे: पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण लावल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' निवडा. उघडायला दहा-वीस सेकंद जास्त लागतात, पण ठाण्याला बंद केलेला लॅपटॉप नाशिकला तेवढ्याच बॅटरीवर उघडतो.

चार्जर आणि वाटेतली वीज

टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर फोन आणि लॅपटॉप मिळून एकच चार्जर पुरतो. पण पोर्टचा आकार टाइप-सी असला म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काही मशिनमध्ये ते फक्त डेटासाठी असतं आणि चार्जिंगला जुनी गोल पिन. कागदावर 'पॉवर डिलिव्हरी' असं लिहिलेलं हवं. घरात फोनचा ३०-३३ वॉटचा चार्जर असेल तर तो लावून पाहा. फक्त स्वतःच्याच कंपनीच्या फोनला पूर्ण वेग देणारे चार्जर लॅपटॉपला दाद देत नाहीत, पॉवर डिलिव्हरीवाले देतात. चार्जिंग हळू होईल, पण अडीअडचणीला कोणता चालतो हे घरीच कळलेलं बरं. पातळ लॅपटॉपसाठी ६५ वॉटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा) चार्जर घेतला की कंपनीचा जाडजूड ठोकळा घरी ठेवता येतो.

वजन चार्जरसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा. दीड किलोचा म्हणून घेतलेला लॅपटॉप ठोकळा आणि जाड केबल धरून दोन किलोला टेकतो. गेमिंग लॅपटॉप स्वस्त ऑफरमध्ये मिळाला म्हणून घेणाऱ्यांनी हे नक्की करावं: सव्वादोन-अडीच किलोचं यंत्र आणि वर अर्धा किलो किंवा त्याहून जास्त वजनाचा चार्जर घेऊन दादरचा जिना चढायचा आहे.

रेल्वेत सॉकेट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवायचे आदेश रेल्वेने काढलेले आहेत, आणि दिवसाही ढिल्या सॉकेटमधून जड चार्जर निसटून पडतो. तिथेही हलका टाइप-सी चार्जर बरा. पोर्ट दोन्ही बाजूंना असतील तर सोन्याहून पिवळं, कारण सॉकेट नेहमी नको त्या बाजूलाच येतो.

विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये विनापरवानगी चालते, म्हणजे या वर्गातला कुठलाही लॅपटॉप चालतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची होते, तीही चालते. मात्र ती हातातल्या बॅगेत हवी, चेक-इनच्या सामानात नाही.

ताप

बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरायचा असं माहितीपत्रकात म्हणतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पंख्याखालच्या खोलीतही ३८-४० असतो. म्हणून एसीत बसून घेतलेली उष्णतेची परीक्षा विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाच्या उपयोगाची नाही.

दुपारी, तुम्ही जिथे खरंच बसणार त्या खोलीत, चार्जर लावून करा. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि मागे एखादी मोठी फाइल झिप होऊ द्या. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग दिसतो. पहिल्या दोन मिनिटांचा आणि अर्ध्या तासानंतरचा वेग लिहून ठेवा. थोडा उतरणारच. निम्म्याहून खाली गेला आणि कॉल अडखळायला लागला तर तो लॅपटॉप तुमच्या गावासाठी नाही. तळहाताखालची जागा आणि डब्ल्यू-ए-एस-डी या किल्ल्यांच्या वरचा भाग हाताने चाचपा. पंख्याचा आवाज कॉलवर समोरच्याला ऐकू जातो का, तेही विचारा. हवेची जाळी बहुधा पोटाला असते, त्यामुळे गादीवर किंवा गोधडीवर ठेवून ही परीक्षा करू नका. कुठलाही लॅपटॉप त्यात नापास होईल.

उरलेलं, झटपट

कॅमेरा ७२०पी असेल तर चेहरा पिठाळ दिसतो, १०८०पी हवा. माइकसाठी स्वतःचंच रेकॉर्डिंग पंखा सुरू ठेवून ऐका. वायफाय घरातल्या लांबच्या खोलीत फोनच्या शेजारी ठेवून तपासा. फोनला जिथे चांगली रेंज आहे तिथे लॅपटॉप सुटत असेल तर अँटेना किंवा ड्रायव्हर, दोन्हींपैकी काहीतरी बिघडलंय. एचडीएमआय पोर्ट हवाच, कारण जिल्हा परिषदेच्या सभागृहापासून कॉलेजच्या वर्गापर्यंत सगळे प्रोजेक्टर त्याच्यावरच चालतात. सोबत मिळालेलं ऑफिस कोणतं आहे ते बघा: २०२१ ची आवृत्ती असेल तर तिला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच सुरक्षा अपडेट आहेत. जुना साठा स्वस्तात मिळतो तेव्हा असं काहीतरी त्यात दडलेलं असतं.

वॉरंटी आणि निर्णय

किती वर्षं हे विचारण्याआधी कुठे हे विचारा. सेवा केंद्र तुमच्या जिल्ह्यात आहे का? नसेल तर घरी येऊन दुरुस्ती मिळते का? सावंतवाडीच्या माणसाला लॅपटॉप घेऊन कोल्हापूर किंवा पणजी गाठावी लागणार असेल तर ती वॉरंटी कागदावर तीन वर्षांची असली तरी प्रत्यक्षात बरीच छोटी आहे. बॅटरीची वॉरंटी अनेकदा एकच वर्ष असते. वाढीव वॉरंटीत माझं मत असं: प्रवास करणाऱ्याने वर्षं वाढवण्यापेक्षा अपघाती नुकसानीचं संरक्षण घ्यावं, कारण पाणी सांडणं आणि स्क्रीन तडकणं साध्या वॉरंटीत बसत नाही. अनुक्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीख बघा. ती बिलाच्या तारखेपासून नसेल तर बिल अपलोड करून दुरुस्त करून घ्या.

पाचव्या दिवशी वही उघडून बसा. बदलून मागायच्या गोष्टी थोड्याच: स्क्रीनचा दोष, चुकीचा अनुक्रमांक, वापरलेली बॅटरी, न झोपणारं मशीन जे अपडेट आणि हायबरनेट करूनही सुधारत नाही, सुटणारं वायफाय, आवाज करणारी बिजागरी. स्पीकर बारीक, कॅमेरा सुमार, पंखा थोडा बोलका, हे दोष नव्हेत, त्या किमतीतल्या तडजोडी आहेत. बदलून आलेला तुकडाही तसाच असेल. तुमच्या कामाच्या आड त्याच येत असतील तर दुसरं मॉडेल शोधायचं आणि आधी परताव्याची अट वाचायची.

तक्रार फोनवर नको, लेखी करा, फोटो आणि व्हिडिओ जोडून, आणि तक्रार क्रमांक घ्या. विक्रेता कंपनीकडे आणि कंपनी विक्रेत्याकडे बोट दाखवू लागली, जे होतंच, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मुदत संपण्याआधी नोंदवलेली तक्रार मुदतीनंतरही तुमच्या बाजूने उभी राहते. तोवर खोकं, आतला थर्माकोल आणि त्या बारीकसारीक प्लास्टिकच्या पिशव्या माळ्यावर टाकू नका. परत न्यायला आलेला माणूस त्याही मोजून घेतो.